बारा मात्रा गप्प

हळदीत बेंजो ऐकायला कोणी येत नाही, नाचायला येतात. बोईसर ते वाणगाव पट्ट्यातल्या मांडवांत मी पंधरा वर्षं बेंजो वाजवतोय. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्यानं तारा छेडायच्या आणि काय वाट्टेल ते झालं तरी थांबायचं नाही. नवरदेवाचा मामा झिंगून अंगावर पडला तरी नाही. पोटासाठी मात्र मी बोईसरच्या एका कंपनीत शिफ्ट करायचो.

तिथे एका दुपारी स्फोट झाला. मला फारसं लागलं नाही, हे लोक अजूनही मला कौतुकानं सांगतात. कान तेवढे गेले, थोड्या वेळापुरते. धुरात माझा शिफ्टचा जोडीदार पडलेला दिसत होता. उत्तर प्रदेशातला पोरगेला माणूस, मला 'भाऊ' म्हणायचा. तो माझ्याकडे बघून काहीतरी सांगत होता. ओठ हलत होते, मला काहीच ऐकू येत नव्हतं आणि मी नुसता उभा होतो. मग कोणीतरी मला ओढत बाहेर नेलं. दुसऱ्या दिवशी तो गेला. त्याचा थोरला भाऊ त्याला गावी न्यायला आला, तेव्हा मी तोंड लपवून घरात बसलो. 'शेवटी काय म्हणाला?' असं त्यानं विचारलं असतं, तर मी काय सांगणार होतो?

माझे कान परत आले ते नको तेवढे. शिफ्टचा भोंगा झाला की घाम फुटायचा. कुकरची शिट्टी झाली की मी भरल्या ताटावरून उठून अंगणात जायचो. बायकोनं चकार शब्द न काढता कुकर माळ्यावर टाकला आणि वर्षभर डाळ पातेल्यात शिजवली. तिचे हे उपकार मी तिला कधी बोलून दाखवले नाहीत, मी तसलाच आहे. पालघरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, हळूहळू झोप लागू लागली. पण 'काय झालं ते सांगा' म्हटलं की माझी दातखीळ बसायची. ते म्हणाले, "बोलवत नसेल तर लिहून आणा." लिहिण्याच्या नावानं आमची बोंब. मी बेंजो काढला.

चाल बसवायला दोन महिने लागले. आधी रोजच्या शिफ्टची, जरा कंटाळलेली लय. मग जोडीदार जेवणाचा डबा उघडताना स्वतःशीच गुणगुणायचा तशी एक ओळ. मग सगळ्या तारा एकदम. आणि त्यानंतर बारा मात्रा काहीच नाही. त्या बारा मात्रांत तो बोलत होता. ती जागा मला मोकळी हवी होती, बाकी चालीचं कोणी काहीही करो.

आमच्या बेंजो पार्टीला मी यातलं काही सांगितलं नाही, फक्त नवी चाल म्हणून ऐकवली. सगळ्यांना आवडली. आमचे ढोलवाले काका माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांनी त्या बारा मात्रांत ढोल घुमवला.

"काका, तिथं वाजवू नका."

"अरे, तिथं भोक पडतंय. मी बुजवलं."

"नका बुजवू."

"हलदीत बेंजो गप झाला तं लोकं काय बोलतील? पार्टी झोपली बोलतील."

महिनाभर मी थांबायचो आणि काका बुजवायचे. शेवटी मनोरच्या एका हळदीत हातापाया पडून त्यांना गप्प राहायला लावलं. झालं काय, की तिसऱ्याच मात्रेला अख्ख्या मांडवानं जनरेटरकडे माना वळवल्या. नवरदेवाचे वडील हळदीच्या अंगानं तिकडे पळाले. जनरेटर बिचारा व्यवस्थित चालू होता. काकांनी घाईघाईनं ढोल बडवून आमची अब्रू वाचवली. सगळे पोट धरून हसले. मीही हसलो, आणि टेम्पोच्या मागे जाऊन ओकलो.

काका पाण्याची बाटली घेऊन मागोमाग आले. डॉक्टरांना जे सांगता आलं नव्हतं ते तिथे, टेम्पोच्या चाकाला टेकून, मी त्यांना सांगितलं. म्हणालो, "तो मला कायतरी सांगत व्हता काका. मला ऐकू नाय आलं. ती जागा मी त्याच्यासाठी ठेवलीय."

काकांनी बाटलीचं झाकण लावलं.

"मग आदीच सांगायचं ना," ते म्हणाले. "महिनाभर मी तुझ्या माणसावर ढोल वाजवला."

पुढची हळद घिवलीला होती. संध्याकाळची वेळ, बायका रंगात आलेल्या. चाल त्या जागेपर्यंत आली. सगळ्या तारा एकदम वाजल्या, मी हात उचलला. काकांनी ढोलावर पंजा ठेवून त्याचा घुमारा बंद केला. नाचणारे वर केलेले हात तसेच धरून थांबले. मी काकांकडे पाहिलं, तर त्यांचे ओठ हलत होते. पुन्हा तेच, असं वाटलं.

मग मला ऐकू आलं. "तीन... चार... पाच..." काका माझ्यासाठी मात्रा मोजत होते, अगदी हलक्या आवाजात, माझ्याकडे बघत.

एक एक आकडा मी नीट ऐकला. बारा झाले तरी माझा हात तारांवर गेला नाही, मी ऐकतच राहिलो. काकांनी न रागावता "तेरा" म्हटलं, तेव्हा कुठे वाजवायला लागलो.