आक्काचं बोट आणि एफ-सहा

शॉर्टकटरावांचं खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर छापून येई, तेवढाच त्याचा उपयोग. एरवी कचेरीतला शिपाईसुद्धा त्यांना शॉर्टकटराव म्हणे, आणि तेही अशा तत्परतेने ओ देत की जणू जन्मतःच हे नाव घेऊन आले असावेत. यंत्रांबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर करणारी ती कचेरी. पाण्याचे पंप, कपडे धुण्याची यंत्रं, गिरणीच्या मोटारी ही सगळी मंडळी परक्या भाषेत जन्मून तिथे येत आणि राव त्यांना आपल्या भाषेत बोलायला शिकवत. 'यंत्र ओल्या हाताने हाताळू नये' हे वाक्य त्यांनी इतक्यांदा लिहिलं होतं, की घरी हात धुतल्यावर ते दाराच्या कडीलाही जरा बिचकूनच हात लावत.

हे सगळं ते लिहीत एडिटरमध्ये. एडिटर म्हणजे साधा मजकूर लिहायचा प्रोग्रॅम. इतरांना तो वही-पेनासारखा. रावांचा मात्र तो संसार होता. एडिटर उघडताना आधी एक फाइल वाचतो. मालकाला अक्षरं केवढी लागतात, कोणतं बटण दाबल्यावर काय करायचं, प्लगइन नावाचे कोणते जादा कामगार हाताशी घ्यायचे, हे त्या फाइलीत लिहिलेलं असतं. रावांनी ही फाइल तरुणपणापासून पोटच्या पोरासारखी वाढवली होती. तीन बटणांचं काम एका बटणात बसवण्यासाठी ते अख्खी दुपार घालवत, आणि 'वेळ वाचला' म्हणून खुशीत घरी येत.

"वाचलेला वेळ ठेवलाय कुठे?" बायको विचारी. "त्यातला थोडा काढा आणि तेवढा माळ्यावरचा पंखा उतरवून द्या."

कचेरीत कुणाचा एडिटर बिघडला की राव खुर्ची ओढून बसत आणि आधी आपला नियम ऐकवत. "पहिल्यांदा एडिटर उघडाबोडका सुरू करायचा. आपली फाइल नाही, प्लगइन नाही, काही नाही. त्यात दोष दिसला नाही, तर तो आपणच घातलेला आहे. वापरणाऱ्या माणसावर ठपका सगळ्यात शेवटी." हा नियम त्यांनी इतक्या जणांना ऐकवला होता, की लोक तो त्यांच्याआधीच म्हणून टाकत. स्वतःच्या थोरल्या बहिणीच्या घरी तेवढा तो त्यांच्या जिभेवर आला नाही.

बहीण म्हणजे आक्का. शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेली. तिने खडूने फळ्यावर वर्तुळ काढलं की कंपासाने मान खाली घालावी. राव एवढे घोडे झाले, तरी आक्कासमोर थाप मारताना या पायावरून त्या पायावर होत. अशा या आक्काला पक्षाघाताचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, पाय सावरला, उजवा हात मात्र रुसून बसला. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी बजावलं, की हात रोज कामाला लावा. सुरुवातीचे काही महिने तो ऐकतो, मग हट्टी होतो. त्यांनी दाबायला एक रबरी चेंडू दिला. आक्काने तो दोन दिवस दाबला आणि म्हणाली, "मी काय मांजर आहे?"

तिच्या डोक्यात वेगळंच होतं. भूमितीला घाबरणाऱ्या मुलांसाठी एक पुस्तक लिहायचं तिच्या मनात केव्हापासून होतं. ते आता उजव्या हाताच्या एका बोटाने लिहायचं. पुस्तकही होईल आणि हातही सुटेल. तिने भावाला बोलावून घेतलं.

"छोट्या, मला काहीतरी साधं लावून दे. बटण दाबलं की अक्षर उमटलं पाहिजे, आणि दुसरं एक दाबलं की लिहिलेलं जपून राहिलं पाहिजे. बस."

यातला 'साधं' हा शब्द रावांच्या कानाला लागला, पण आत गेला नाही.

पुढच्या रविवारी ते लॅपटॉप घेऊन हजर झाले. एका बोटाने चालणारी अशी रचना त्यांनी बांधली होती की काय विचारता. कीबोर्डच्या वरच्या रांगेत एफ-सहा दाबलं की लेखन जपून राही. शेजारचं एफ-सात नको असलेली ओळ पुसून टाकी. कंस आपोआप मिटत, कोनाची चिन्हं आपोआप उमटत, तक्ते आपोआप सरळ होत. शिवाय प्रत्येक प्लगइनला त्यांनी झोपवून ठेवलं होतं. काम पडलं तरच उठायचं. त्यामुळे एडिटर डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडे. या शेवटच्या गोष्टीचं तर त्यांना कोण कौतुक.

आक्काचे यजमान, म्हणजे रावांचे दाजी, चष्मा वर करून बघत होते. "तिला विमान उडवायचंय का रे?" त्यांनी विचारलं.

पण आक्का लिहू लागली. सकाळी खिडकीपाशी बसून, एकेक अक्षर शोधत, जीभ दातांत धरून. 'बिंदूला लांबी नसते आणि रुंदीही नसते, पण तो नसला तर कुणालाच सुरुवात करता येत नाही,' हे तिचं पहिलं वाक्य. बाई येऊन हात बघत आणि खूश होत. तर्जनी आता एकटी उभी राहायला लागली होती.

मग एक दिवस तिचा फोन आला. "छोट्या, एफ-सहा दाबलं की ओळच जाते रे. जपून राहायची सोडून नाहीशी होते."

राव रविवारी गेले. एडिटर सुरू केला, एक ओळ लिहिली, एफ-सहा दाबलं. ओळ जागच्या जागी, आणि खाली 'जतन झाले'. पुन्हा तेच, पुन्हा तेच.

"बघ. काही नाही झालं. शेजारी एफ-सात आहे ना, ते ओळ पुसायचं. बोट घसरत असेल तुझं."

"मी बघून दाबते."

"झटक्यानंतर असं होतं, आक्का. बोट एका जागी असतं आणि आपल्याला वाटतं दुसऱ्या जागी आहे."

हे त्यांनी कुठेही वाचलेलं नव्हतं. पण आयुष्यभर पुस्तिका लिहून त्यांच्या आवाजाला एक छापील वजन आलं होतं. आक्काने आपल्या तर्जनीकडे बघितलं. वर्गातल्या हुशार मुलीवर कॉपी केल्याचा संशय यावा, तसं.

तक्रार काही थांबली नाही. रावांनी एफ-सहावर लाल टिकली चिकटवली. नंतर अक्षरं मोठी केली. नंतर बटण दाबल्यावर टुण्‌ असा आवाज येईलसं केलं. दर रविवारी स्वतः तपासून बघत तेव्हा सगळं ठाकठीक, आणि रावांची पाठ फिरली की ओळी गायब.

दाजी एकदा म्हणाले, "अरे, ते पुसायचं बटणच काढून टाक ना. घसरलं बोट, तर घसरू दे."

"दाजी, मग सगळ्या रांगेची रचना बिघडेल," राव म्हणाले. त्या दिवशी त्यांनी एफ-सात काढलं असतं, तर त्याच संध्याकाळी खरं काय ते उघड झालं असतं. पण रचना मोठी देखणी होती.

आक्कानेही एकदा वाट काढून बघितली. "असं करू या का? मी सांगते, तू लिही. तू असाही दर रविवारी येतोसच."

"छे, तूच लिहायचंस. हात सुटायला नको का? पुढच्या रविवारपर्यंत मी हे पक्कं करून टाकतो." त्यांना मनापासून तसं वाटत होतं. लबाडी नव्हती त्यात, आणि आज त्याचाच त्यांना जास्त त्रास होतो.

मग एका रविवारी लॅपटॉप मिटलेला दिसला. वर दाजींचं वर्तमानपत्र.

"राहू दे रे," आक्का म्हणाली. "बोट कुठे आहे हेच मला कळत नसेल, तर डोक्यातलं तरी धड असेल कशावरून? मुलांना चुकीचं शिकवायला नको."

ती हे हसत म्हणाली. राव "असं काय म्हणतेस" म्हणाले, आणि मनातल्या मनात त्यांना हायसं वाटलं. एक तक्रार मिटली होती.

पुस्तकाबरोबर आक्काने हातही सोडून दिला. बाई यायच्या, ती 'आज नको' म्हणायची. पुढे बाई यायच्या थांबल्या. चेंडू कपाटाखाली गेला. रावांना ते दिसत होतं. वय झालं, असं ते घरी म्हणत.

बरेच महिने गेले. कचेरीत एका पंपाची पुस्तिका आली, शेवटी 'दोष, कारण, उपाय' असा लांबलचक तक्ता. आक्कासाठी केलेली रचना रावांना इतकी आवडली होती, की आता ती त्यांनी आपल्याही एडिटरवर चढवली होती. तक्त्याची पहिली उभी रेघ मारली, 'पंप सुरू होतो पण पाणी येत नाही' असं लिहिलं, एफ-सहा दाबलं. ओळ गायब.

राव आधी आपल्या बोटाकडे बघत राहिले. मग टेबलावरची पेन्सिल उचलली, तिचं टोक बरोबर एफ-सहाच्या मधोमध टेकवलं आणि दाबलं. आणखी एक ओळ गेली.

एडिटरला एक साधा प्रश्न विचारता येतो: या बटणाला शेवटचं काम कुणी नेमून दिलं? एका ओळीचा प्रश्न, एका ओळीचं उत्तर. शेजारच्या टेबलांवर त्यांनी तो शेकडो वेळा विचारला होता. आता स्वतःच्या एडिटरला विचारला. उत्तर आलं: तक्त्याच्या प्लगइनने.

पुढचं कळायला त्यांना कुणाची गरज नव्हती. मजकुरात उभी रेघ आली की तक्त्याचं प्लगइन झोपेतून उठे, आणि उठल्या उठल्या एफ-सहा आपल्या ताब्यात घेई. त्याच्या भाषेत एफ-सहा म्हणजे तक्त्यातली ओळ पुसणे. एडिटरमध्ये एकाच बटणावर दोघांनी हक्क सांगितला, तर उशिरा आलेला जिंकतो. राव तपासायला बसत ते कोऱ्या पानावर, दोन ओळी लिहून. आक्का बाजूंचे आणि कोनांचे तक्ते आखत असे.

शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं, "काय हो, शॉर्टकटराव, उघडाबोडका सुरू करून बघितलात का?" आणि तो आपल्याच विनोदावर हसला. घरी येऊन रावांनी बायकोला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आक्कांना कळवलंत?"

"रविवारी सांगीन म्हणतो."

"उद्या अर्धी रजा टाका आणि जा."

"जाऊन म्हणू काय?"

"पुस्तिकेत लिहिता तसं म्हणा. दोष, कारण, उपाय."

"आणि उपाय काय सांगू?"

बायकोने टॉवेलची घडी मोडली आणि परत घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का खिडकीपाशीच बसली होती. उजवा हात मांडीवर, मूठ मिटलेली. राव उभ्या उभ्याच बोलले. "आक्का, तुझं बोट घसरत नव्हतं."

"कधी?"

"कधीच. एकदाही नाही. चूक माझ्या फाइलीत होती."

आक्काने त्यांच्या पायांकडे बघितलं. राव दोन्ही पायांवर नीट उभे होते. "सिद्ध कर," ती म्हणाली.

रावांनी वर्तमानपत्र बाजूला केलं, लॅपटॉप उघडला. ओळ लिहून एफ-सहा दाबलं, जतन झाली. मग एक उभी रेघ मारली. एफ-सहा दाबलं, ओळ गेली. "पुन्हा," आक्का म्हणाली. त्यांनी पुन्हा दाखवलं.

"म्हणजे तक्ता आखला की असं होतं होय?" दाजी म्हणाले. "हे तर ती मला म्हणाली होती. मी म्हटलं, त्याला सांग."

"सांगितलं होतं," आक्का म्हणाली.

आणि रावांना आठवलं. त्या रविवारी ते लाल टिकली कातरत होते, आक्का मागून काहीतरी तक्त्याचं सांगत होती, आणि ते 'हं, हं' म्हणत होते. टिकली अगदी गोल कापली गेली होती.

त्यांनी प्लगइनच्या हातून एफ-सहा काढून घेतलं. एक ओळ बदलायची होती फक्त. "आता दाब," ते म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांना कळलं आपण काय म्हटलं ते.

आक्काने डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि कीबोर्डवर ठेवला. मूठ तशीच राहिली. तर्जनी बाकीच्या बोटांत रुतून बसली होती. पडद्यावर वेड्यावाकड्या अक्षरांची एक रांग धावत सुटली. तिने हात पुन्हा मांडीवर नेऊन ठेवला.

"बाईंना बोलावतो उद्याच," राव म्हणाले.

"बोलाव. येतील त्या बिचाऱ्या."

"आक्का, मला बोल तरी काही."

"काय बोलू? चुकलेल्या पोराला मी कधी ओरडले नाही, तू तर माझा छोट्या. फक्त, कुणाचं गणित चूक म्हणायच्या आधी मी ते पूर्ण वाचत असे."

दाजी उठून चहा टाकायला गेले. ते कधी चहा टाकत नसत.

रावांनी एडिटर बंद केला आणि परत सुरू केला. फाइल नाही, प्लगइन नाही. नुसतं पांढरं पान. "तू सांग," ते म्हणाले. "मी लिहितो. रोज येईन संध्याकाळचा."

आक्काने घसा साफ करून वर्गातल्या आवाजात सुरुवात केली. "समजा, एक रेघ आहे."

रावांनी लिहिलं. समजा, एक रेघ आहे.

तिचा उजवा हात मांडीवरून किंचित उचलला गेला, हवेत थांबला आणि खाली आला.

"पुढे?" रावांनी विचारलं.

"पुढे ती काढायची असते," आक्का म्हणाली.