हेडफोनच्या नव्या गाद्या

हेडफोनच्या रेक्झीनच्या गाद्यांचे पापुद्रे सुटून कानाला चिकटायला लागले, म्हणून मी त्या काढल्या आणि मखमलीच्या बसवल्या. आतलं यंत्र तेच, वायर तीच, तरी गाणं बदललं. खर्जाची घुमघुम मागे सरली आणि गाणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू यायला लागला.

माझी बायको सुनंदा गाणं शिकवते. तिला याचं नवल वाटलं नाही. "तंबोऱ्याच्या तारेखाली सुताचा दोरा सरकवला की तार बोलायला लागते, तसंच हे," ती म्हणाली. मला ते तंतोतंत पटलं. आवाज जिथून निघतो तिथे तो अर्धाच घडतो. उरलेला घडतो तो जिथे टेकतो तिथे. माणसांच्या बोलण्याचंही असंच होतं, हे मी पैजेवर सांगेन.

मग सुनंदाने तिच्या आईचं शेवटचं ध्वनिमुद्रण लावलं. आईचा आवाज तेव्हा बसला होता, असं म्हणून ती याच हेडफोनवर ते अर्ध्यात बंद करायची. आज भैरवी संपेपर्यंत ती डोळे मिटून बसली. हेडफोन काढून माझ्या हातात देताना म्हणाली, "आई शेवटपर्यंत सुरेल होती रे."