देखभालप्रमुखाची फेरी

कारखान्याने मला स्वेच्छानिवृत्ती दिली तेव्हा मी पन्नाशीच्या अलीकडेच होतो. स्वेच्छा कोणाची, हे विचारायचं नसतं. बाहेरची यंत्रं आली, आमच्या विभागात माणसं जास्त झाली, संपलं.

काही महिने घरी बसलो. सकाळी दहानंतर वारज्याच्या आमच्या सोसायटीत मी आणि पेन्शनर मंडळी, एवढेच उरायचो. बायको शाळेत शिकवायला जायची. ती मला एका शब्दाने बोलायची नाही आणि मला नेमकं तेच खुपायचं. मग शहराबाहेर हायवेलगत एक करमणुकीचं उद्यान निघालं आणि मी तिथे देखभालप्रमुख म्हणून लागलो.

उद्यानाचा मानाचा गणपती म्हणजे पोलादी रोलर कोस्टर. परदेशातल्या कुठल्याशा उद्यानात म्हातारा होऊन, सुटा करून कंटेनरमधून तो आमच्याकडे आला होता. रुळांच्या जाड नळ्यांवर तिकडच्या भाषेतल्या खुणा होत्या. त्या ताडून आम्ही तुकडे जोडले, बोल्ट आवळले आणि वरून लालभडक रंग फासला. दारावर पाटी लागली, ‘भारतात प्रथमच’. त्यात खोटं काही नव्हतं. भारतात तो पहिल्यांदाच आला होता.

हिंजवडीच्या कंपन्यांमधली पोरं बस भरभरून यायची. घसा फाटेस्तोवर ओरडायची, उतरली की पुन्हा रांगेत. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून एवढा आवाज कुठे साठवतात कोण जाणे.

मालकांचा एक नियम होता. रोज फाटक उघडण्याआधी, आणि गाडी मध्येच थांबली तर त्यानंतरही, देखभालप्रमुखाने स्वतः एक फेरी मारायची. नियम उत्तमच. फक्त देखभालप्रमुख मी होतो, आणि मी जत्रेतल्या पाळण्यातसुद्धा कधी बसलो नव्हतो. साखळी खडखडत गाडी वर ओढायची तेव्हा सगळे देव आठवायचे. टोकाला गाडी जराशी रेंगाळायची आणि मग खालचं सगळं नाहीसंच व्हायचं. पोट वर राहायचं, आपण खाली. वळणावर मान एकीकडे, धड दुसरीकडे. मी डोळे गच्च मिटून घ्यायचो, उतरलो की पाण्याच्या टाकीमागे जाऊन तोंड धुवायचो आणि हाताखालच्या पोरांना सांगायचो, ‘ठीक आहे, उघडा फाटक.’

बायकोला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला मुळात नोकरीच पसंत नव्हती. “अहो, इंजिनियर ना तुम्ही? पाळण्यांना तेल घालायला जाता?” वर्षभर हेच. मीही तेवढ्याच हट्टाने भांडायचो. शेवटी असं ठरलं की तिने एकदा येऊन बघायचं आणि तिला नाहीच पटलं तर दिवाळीनंतर मी नोकरी सोडायची. ती आली खंडेनवमीला.

कारखान्यात त्या दिवशी प्रत्येक यंत्राला हार असायचा. म्हणून इथेही मी झेंडूचे हार मागवले होते. माझी सकाळची फेरी झाल्यावर पोरांनी उत्साहाच्या भरात एक हार थेट चढणीच्या टोकाशी नेऊन बांधला. तिथे एक सेन्सर असतो, त्याच्यासमोर काही आडवं आलं की साखळी थांबते. बायको पहिल्याच डब्यात बसली. गाडी अर्ध्या चढणीवर गेली, वाऱ्याने हार सेन्सरसमोर आला आणि गाडी जागच्या जागी थांबली.

कडेच्या लोखंडी जिन्याने मी वर गेलो आणि एकेकाला सोडवून खाली आणलं.

“पूजा छान झाली हो,” बायको म्हणाली.

हार काढून टाकला आणि रिकामी गाडी फिरवून फलाटावर आणली. आता नियमाप्रमाणे माझी फेरी. बायको समोरच उभी होती. आज काही झालं तरी डोळे उघडे ठेवायचे, असं ठरवून रिकाम्या गाडीत एकटा बसलो. कसले उघडे ठेवतोय!

उतरलो तेव्हा ती कठड्याला धरून उभी होती.

“घाबरता तुम्ही.”

“छे!”

“अहो, चेहरा बघितला मी तुमचा. रोज बसावं लागतं यात?”

“रोज.”

संध्याकाळी स्टाफच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. चांदणी चौक मागे पडल्यावर तिने विचारलं, “मग वर्षभर माझ्याशी भांडलात कशाला? मला वाटलं, तुम्हाला आवडतंय.”

“घरी बसलेला नवरा कोणाला आवडतो?” मी म्हणालो.



“तुम्ही घरी होतात तेव्हा शाळेतून आले की दार तुम्ही उघडायचात,” ती म्हणाली. “इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कुलूप काढावं लागत नव्हतं. किती बरं वाटायचं, माहितेय?”

बसमध्ये माझ्या हाताखालची सगळी पोरं होती. तरी मला रडू आवरलं नाही. नोकरी मी दिवाळीच्या आधीच सोडली.