विहिणीच्या रंगातला हार

हलव्याचे दागिने मी लग्न होऊन दिग्रसला आले तेव्हापासून करते आहे. गल्लीतल्या कुठल्याही सुनेची पहिली संक्रांत असो की कुणाच्या नातवाचं बोरनहाण, दाणे माझ्या परातीतले आणि गाठी माझ्या हातच्या. तुम्ही म्हणाल, काय स्वतःची टिमकी वाजवते ही बाई. वाजवते! शेगडीपुढे बसून बोटं भाजून घेतली आहेत मी, तेवढा हक्क आहे. पण इतक्या वर्षांत माझ्या हातून एकही रंगीत दागिना झालेला नव्हता. काळ्या चंद्रकळेवर पांढरा काटेरी हलवा, मधे एखादी सोनेरी कागदाची टिकली, संपलं. आमची ती नोकरदारांची गल्लीच मुळी फिकी. भिंती बदामी, साड्या बदामी, आणि कुणी मोरपंखी नेसली तर समोरची दारं किलकिली व्हायची.

त्या गल्लीत माझ्या मुलानं तांड्यावरची, बंजारा घरातली सून आणली. पोरगी नर्स, हसरी, कामाला वाघ. आमच्या नातेवाइकांनी थोडी कुरकुर केली, पण दोघातिघांना तिनं इंजेक्शनं दिल्यावर तीही थांबली. अडलं होतं ते तिच्या आईपाशी. लग्न रजिस्टर पद्धतीनं झालं आणि घरी जेवण ठेवलं, त्या दिवशी विहीणबाई आल्या, पण फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही. लालभडक घेरदार घागरा, ज्याला त्या फेटिया म्हणतात, वर आरशांची चोळी, डोक्यावरून ओढणी. सगळ्यांदेखत मला म्हणाल्या, "पोरगी आमी देली नाई, तुमी नेली. या घरचं पानीबी मी पिनार नाई." आणि पाठ फिरवून गेल्या. तेव्हापासून पोरीला माहेरचं बोलावणं नाही. तिच्या तांड्याकडे जाणारी पुसदची एसटी दारावरून गेली की ती हातातलं काम सोडून तिकडे बघत राहायची. मला ते बघवायचं नाही.

दिवस कापसाचे वाईट होते. अळीनं बोंडं पोखरलेली, भाव पडलेला. जिनिंगचा भोंगा एक दिवस वाजायचा आणि पुढचे चार दिवस मुका. मुलगा जिनिंगमध्येच कामाला, त्यामुळे सकाळी उठून आधी आम्ही कान भोंग्याकडे लावायचो, मग चहा. खरेदी केंद्रावर कापूस भरलेल्या बैलबंड्यांची रांग लागायची ती बाजाराच्या फाटकापासून थेट आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत. माणसं बंडीतच झोपायची, रस्त्याकडेला तीन दगड मांडून भाकरी करायची. हापशी कोरडी पडलेली. आसपास पाण्याची विहीर एकच, आमच्या अंगणातली. म्हणून सगळी रांग दिवसभर आमच्याच फाटकातून कळशा घेऊन जा-ये करायची.

त्या वर्षी भोगीच्या सकाळी सून गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली आणि तशीच ओल्या हातांनी खाली आली.

"आई, याडी आहे रांगेत."

याडी म्हणजे तिची आई. मी वर जाऊन बघितलं. गल्लीच्या तोंडाशीच बंडी. व्याही बंडीखाली घोंगडी पांघरून झोपलेले, आणि विहीणबाई वर, कापसाच्या ढिगावर ताठ बसलेल्या, जशी काही ती त्यांची गादीच. संक्रांतीमुळे काटा बंद, कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर गावाला गेलेला, म्हणजे रांग दोन दिवस तरी हलणार नव्हती. सुनेनं कळशी भरली आणि शेजारच्या बंडीवाल्याच्या हाती पाठवली. आम्ही दोघी गच्चीवरून बघत होतो. विहीणबाईंनी कळशी घेतली, आमच्या घराकडे एकदा बघितलं, खाली उतरल्या आणि सगळं पाणी बैलांपुढे ओतलं. स्वतः तांड्यावरून आणलेल्या मडक्यातलं घोटभर प्यायल्या.

"घ्या," आमचे हे म्हणाले, "निदान बैल तरी सोयरे झाले."

मी ह्यांच्यावर खेकसले. सुनेचे डोळे भरले होते. राग मलाही आला होता, पण खरं सांगू? मला ती बाई आवडली. अख्खी रांग ज्या विहिरीचं पाणी पिते, तिचं पाणी समोर आलेलं असताना न पिणं सोपं नाही. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही अशी जात. मी स्वतः त्यातलीच, म्हणून मला कळतं.

आणि तिथे गच्चीवर उभ्या उभ्या मी पहिल्यांदा विहीणबाईंच्या कपड्यांकडे नीट बघितलं. खाली पांढराशुभ्र कापूस आणि त्यावर ते रंग! लाल तर असा की बघूनच ऊब यावी. त्याला लागून पिवळा, पिवळ्याला लागून हिरवा, मग निळा. आमच्याकडे कुणी असे रंग एकत्र घातले असते तर 'काय गं हा गोंधळ' म्हणून नाकं मुरडली असती. इथे कुणाला कुणाची अडचण नव्हती. मी बघतच राहिले. माय वं, म्हटलं, एवढी वर्षं आपण काय बघत होतो?

सुनेची ही पहिली संक्रांत, तिचे पांढरे दागिने तयारच होते, फक्त गळ्यातला हार राहिला होता. मी ठरवलं, हार विहिणीच्या रंगात करायचा. तो घालून पोरगी समोर गेली तर बघू कशी नजर फिरवते ती.

ठरवणं सोपं होतं. पांढरा हलवा पुन्हा परातीत घेतला, शेगडीची धग मंद ठेवली आणि लाल रंगाचा पाक चमच्यानं सोडला. काटे विरघळून गेले आणि दाण्यांचा लगदा झाला. हलवा काटेरी नसेल तर दागिना होत नाही. त्याला भोक पाडता येत नाही, दोऱ्याच्या फासात एकेक दाणा धरून आवळावा लागतो, आणि दोरा धरतात ते काटेच. दुसऱ्या वेळी पाक घट्ट केला, थेंब थेंब सोडला, बोटांनी हलवत राहिले, तेव्हा कुठे काटे टिकले. लाल झाला, पिवळा झाला, हिरवा झाला. निळा कुठून आणायचा? किराणावाल्याकडे खायचा निळा रंग नव्हता. मी धुण्याच्या निळीच्या पुडीकडे नुसतं बघितलं तर आमच्या ह्यांनी ती उचलून खिशात घातली. शेवटी कुंपणावरच्या गोकर्णीची फुलं उकळून आटवली आणि साखरेत घातली. असा सुंदर निळा उतरला की मी एकटीच हसले.

रंगांचा क्रम बघायला पुन्हा पुन्हा जिना चढत होते. चार रंग डोळ्यांत धरून खाली उतरेपर्यंत एक तरी मधेच सांडायचा. गुडघ्यांनी शिव्या दिल्या. सुनेला विचारता आलं असतं, पण ती ड्यूटीवर होती, आणि मला तिला चकित करायचं होतं. संध्याकाळपर्यंत हार गुंफून झाला. दिव्याखाली धरला तर काय, करायला गेले गणपती आणि झाला मारुती. प्रत्येक रंग छान, पण एकत्र नुसता कलकलाट.

"पंधरा ऑगस्टच्या पताका वाटून राह्यल्या," आमचे हे म्हणाले.

रंग तेच, क्रम तोच. चुकतंय काय ते काही केल्या कळेना, आणि पुन्हा करायला वेळ नव्हता.

संक्रांतीच्या दुपारी सुनेला चंद्रकळा नेसवली. पांढऱ्या बांगड्या, बाजूबंद, बिंदी घातली, आणि शेवटी तो हार पुढे केला. तिनं हार हातात घेतला आणि खिडकीच्या उजेडात उलटसुलट करून बघितला. मला वाटलं, आवडला नाही बिचारीला.

"आई, हे याडीचे रंग आहेत," ती म्हणाली. "मी दाखवून येऊ?"

"एकटी कायले जातं? मीही येते," म्हटलं.

आम्ही दोघी गल्लीच्या तोंडाशी गेलो. ऊन चांगलंच लागत होतं. लेकीला बघून विहीणबाई कापसावरून उतरल्या. लग्नानंतर दोघी पहिल्यांदाच एकमेकींसमोर उभ्या होत्या. मला वाटलं आता गळ्यात पडतील, नाहीतर भांडतील. यातलं काहीच झालं नाही. विहीणबाईंनी लेकीच्या तोंडाकडे बघितलंच नाही. हाराकडे बघत होत्या.

"कोनं केला हा?"

"मी," मी म्हटलं.

"रंग कुठून पाह्यले?"

"गच्चीवरून. कालपासून तुमालेच पाहून राह्यली."

"मालूम हाय. कालपासून एक बाई गच्चीवर चढते, उतरते, चढते, उतरते. म्या म्हनलं, हिचं वर काई हारपलं का?"

मी ओशाळून हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी लेकीच्या गळ्यातून हार काढला, तळहातावर पसरला आणि अंगठा फिरवला.

"रंग बरोबर हायेत. पन भांडून राह्यले. मधात पांढरं कुठी हाय?"

मी त्यांच्या फेटियाकडे बघितलं. आता जवळून दिसलं. लाल आणि पिवळ्याच्या मधे पांढऱ्या टाक्याची बारीक रेघ होती, पिवळ्या आणि हिरव्याच्या मधे कवड्यांची ओळ. एकही रंग दुसऱ्याला थेट भिडलेला नव्हता. गच्चीवरून मला नुसते रंगच दिसले होते.

"हात दे," त्या लेकीला म्हणाल्या. तिच्या हातातली पांढरी बांगडी घेतली आणि बंडीच्या दांडीवर बसल्या. नखानं माझ्या गाठी सोडवायला लागल्या. मी आवळलेली गाठ मलासुद्धा सुटत नाही! फास कसा टाकलाय ते त्यांनी एकदाच उलटून बघितलं, आणि पुढचा फास त्यांचा पडला तो माझ्याहून नेटका. बांगडीतला एक पांढरा दाणा काढायचा, दोन रंगांच्या मधे बसवायचा, आवळायचा. कापूस वेचून बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या, पण एक काटा मोडला नाही. मी आयुष्यभर हे काम केलंय, मला त्यातली अवघड जागा माहीत आहे, म्हणून सांगते, असा हात मी पाहिला नाही. बघता बघता हार शांत झाला. लाल आता खरा लाल दिसायला लागला. आमची गोकर्ण तर उठूनच आली. मला आनंद झाला आणि थोडी असूयाही वाटली.

शेवटची गाठ मारली. कात्री नव्हती. उरलेला दोरा त्यांनी दातांत धरून तोडला, आणि दोऱ्याबरोबर गाठीजवळचा एक पांढरा दाणा दाढेखाली आला. कट्ट असा आवाज झाला.

त्या थांबल्या.

"हे काय हाय?"

"साखर, याडी," सून हळूच म्हणाली. "मधी तीळ हाय. आईनं घरी केला."

"साखर? म्या म्हनलं मनी हायेत!"

मला वाटलं होतं, संक्रांतीचा हलवा विहीणबाईंना माहीत असेल. कुणी सांगितलंच नव्हतं. ज्या घरचं पाणी पिणार नाही म्हणून ही बाई दोन दिवस अडून बसली, त्या घरची साखर तिच्या तोंडात गेली होती. आता थुंकणार, म्हटलं. आणि थुंकली असती तरी तिचं काही चुकलं नसतं, शब्द तो शब्द.

"विहीणबाई, देवाशप्पथ, मी मुद्दाम नाही केलं," मी म्हटलं.

त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. दाणा चावला, अगदी शेवटपर्यंत, आणि गिळला. मग उठल्या. हार लेकीच्या गळ्यात घातला, मागे गाठ मारली, तिची हनुवटी धरून तोंड वर केलं आणि पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. किती वेळ बघितलं कोण जाणे. पोरीच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं. विहीणबाईंनी ते ओढणीनं पुसलं आणि माझ्याकडे वळल्या.

"इहीनबाई, पानी आना."

सून निघाली. मी तिला दंडाला धरून थांबवलं. "तू थांब आईपाशी," म्हटलं आणि मीच धावले. ह्या वयात, काळी साडी दोन्ही हातांनी उचलून, भर गल्लीतून. बदामी घरांतल्या बाया दारात येऊन बघत होत्या, बघू दे म्हटलं. विहिरीचं ताजं पाणी ओढलं आणि तांब्या भरून आणला.

त्यांनी तांब्या वर धरला आणि पाण्याची धार तोंडात सोडली. मधे श्वाससुद्धा घेतला नाही. तांब्या पूर्ण रिकामा झाला. मी घ्यायला हात पुढे केला, तर तो माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "आखीन आना."

दुसरा तांब्याही तशाच प्यायल्या. आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, त्यांचं मडकं बंडीखाली उपडं पडलेलं होतं. ते कधी संपलं होतं देव जाणे. माझी विहीण आमच्या विहिरीसमोर तहानलेली बसून होती.