लाईट आल्याची वर्दी

तंत्रज्ञान माणसाला कष्टांतून मुक्त करतं ही माझी गाढ श्रद्धा होती आणि ती मुठा गावातल्या विजेच्या डीपीपर्यंत टिकली. तापलेल्या चार्जरचा वास आला की ती दुपार आठवते. हिंजवडीची नोकरी सांभाळून मी घरी हौसेने प्रोग्राम लिहायचो. त्या उन्हाळ्यात शेतीची लाईट कधी येईल याचा नेम नव्हता आणि शेजारच्या काकूंची वांगी पाण्यावाचून माना टाकत होती. मी त्यांच्या विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत जुना फोन चार्जरला लावून ठेवला. लाईट येऊन चार्जिंग सुरू झालं की तो वाडीतल्या सगळ्यांना साधा एसएमएस पाठवणार होता, कारण इंटरनेटवर तिथे माझी श्रद्धा नव्हती. दुपारी लाईट आली, एसएमएस गेले, सगळ्यांनी एकदम मोटारी चालू केल्या आणि डीपीवरचा फ्यूज उडाला. "लाईट गेल्याचं बी कळवतंय व्हय रं तुझं यंत्र?" काकूंनी बांधावरून विचारलं. सगळी वाडी हसली, मीही हसलो. फ्यूज बसेपर्यंत मी मेसेज एकेकाला थांबून थांबून जातील असं केलं, पहिला काकूंना. संध्याकाळी वांग्यांना पोटभर पाणी मिळालं. तो प्रोग्राम अजून चालू आहे. मी आजवर लिहिलेल्यांपैकी माझ्याखेरीज कुणी वापरतं असा तो एकच.