रिकामं म्हणजे शून्य?

माझी मामेबहीण पालमला दिली. लेक झाली, पुण्याची नोकरी सुटली, आणि लेकरू दुपारी झोपलं की बाईसाहेबांनी आलेख काढायची लायब्ररी लिहायला घेतली. म्हणजे प्रोग्रामरनं आकडे द्यायचे, हिच्या कोडनं त्याचा चार्ट काढून द्यायचा. वर ओपन सोर्स, कुणीही फुकट घ्या. सासऱ्यांचं म्हणणं एकच, फुकटच वाटायचं तर गावातल्या शाळेची नोकरी काय वाईट आहे? सोमवारी शाळेला हो-नाही कळवायचं होतं. तिनं मला गळ घातली, ताई, तुझ्या ऑफिसात माझी लायब्ररी घेतात का बघ, म्हणजे मला घरात बोलायला तोंड राहील.

मी परभणीत, शेतातला ओलावा दाखवणारं ॲप करणाऱ्या कंपनीत आहे. नातंगोतं बाजूला ठेवून तपासते म्हटलं, पण खरं सांगते, लय भारी वाटायलं होतं. वर्षभराचे आकडे ओतले तरी चार्ट अडकेना, रेघा कशा स्वच्छ. मग पेडगावच्या एका शेतातले आकडे घातले आणि डोकंच फिरलं. तिथल्या यंत्राची बॅटरी मध्येच संपलेली, त्या दिवसांचे आकडेच नव्हते, आणि हिच्या चार्टात रेघ थेट शून्यावर! शेतकरी बघेल तर ओल्या वावरात पाणी सोडेल की.

फोन लावून झापलं तिला. ती म्हणाली, रिकामं म्हणजे शून्यच ना? मग माझ्याच ध्यानात आलं. मामांच्या दारात पर्जन्यमापक होता. पाऊस पडला तरच ते तालुक्याला फोन करायचे. फोन नाही म्हणजे पाऊस नाही. त्या घरात वाढलेली पोर दुसरं काय लिहिणार? जीव तुटला माझा. तरी ऑफिसात सांगितलं, सध्या घेऊ नये. आणि ती चूक लायब्ररीच्या पानावर सगळ्यांना दिसेल अशी नोंदवली.

रविवारी तिच्या सासऱ्यांचा फोन. आता बोलणी खायची म्हणून मी तयारीतच होते.

"आमच्या सुनंच्या कामात खोट काढली म्हणं तुमी?"

हो म्हटलं, आणि बॅटरीचं सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजी पेडगावचं वावर खरंच दिसायलंय त्याच्यात? मला वाटलं, पोरीचा नुस्ता खेळ हाय."

"दिसतंय की. म्हणून तर चूक सापडली."

"मग शाळंला न्हाई म्हणून कळवतो. लोकाला चुकीचं वावर दाखवून कसं चालंल? आधी ते नीट करू द्या तिला."