हिराजीशेठचं झुंबर

हिराजीशेठच्या घरी गेलं की ते पाहुण्याला हाताला धरून थेट झुंबराखालच्या खुर्चीत नेऊन बसवायचे. कडेच्या सोफ्यावर टेकलेलं त्यांना खपायचं नाही. "मधी बसा बाई, उजेडान बसा," म्हणायचे. मी त्यांची शेजारीण, शाळेतली बाई. निमूट बसायची आणि मान वर न करता चहा संपवायची.

न्हावा शेव्याच्या रस्त्यावर स्वतःचे ट्रक धावायला लागल्यावर शेठनी दुमजली उंचीचा हॉल बांधला, तो या झुंबरासाठीच. पितळी फांद्या, त्यांना काचेचे लोलक. त्याचा इतिहास ऐकवल्याशिवाय ते नव्या माणसाला सोडत नसत. जुन्या काळी झुंबर दोरीनं खाली घेऊन पेटवायचे, पुन्हा वर ओढायचे. "पयल्या मेणबत्त्या, मंग त्याल, मंग गॅस, आन् आता नुसता बटन." मग बटण दाबायचे आणि आपल्या तोंडाकडे बघत राहायचे. खोटं कशाला बोलू, दिसायचं मोठं देखणं.

दोन-तीन पावसाळे गेले आणि छतात हुकाभोवती तांबूस डाग उमटला. खारी हवा, दुसरं काय. बघता बघता तो थाळीएवढा झाला. रस्त्यावरून कंटेनर गेला की लोलक किणकिणायचे आणि बोलणारे सगळे एकदम गप्प व्हायचे. झुंबर पुसायला आलेला वायरमन शिडीवरून घाम पुसतच उतरला. हूक गंजानं खाल्लाय, आजच्या आज उतरवा, म्हणाला. शेठनी त्याला मधल्या खुर्चीत बसून चहा घ्यायला सांगितलं. त्यानं तो दारात उभ्यानंच प्यायला.

नातवाच्या बारशाला शेठनी पाळणा झुंबराखाली मांडला. बायका जमल्या, पण पाळण्याजवळ कुणी जाईना. शेवटी त्यांच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, नवऱ्याकडे न बघता पाळणा फरफटत दाराशी नेला. त्यानंतर शेठनी तिथं दुसऱ्या कुणाला बसवलं नाही. स्वतः मात्र रोज दिवेलागणीला बसायचे.

वहिनींनी मला मध्ये घातलं. मी मुळातच फटकळ. सरळ विचारलं, जीव नकोसा झालाय का? ते हसले नाहीत.

"बाई, जवान होतो तवा लोकांच्या वरातीन गॅसबत्ती डोक्यावर धरून चाललो. नवरा-नवरी उजेडान, मी बत्तीखाली अंधारान. ह्यो दिवा माजा हाय. ह्यो उतरवला त मी परत तोच."

मला वाईट वाटलं आणि रागही आला, कारण त्या घरात ते एकटे राहत नव्हते.

झुंबर पडलं नाही. शेठच गेले, पनवेलच्या दवाखान्यात, हृदयविकारानं. घरी आणल्यावर रिवाजाप्रमाणे हॉलच्या मधोमध ठेवलं. सगळं गाव आलं आणि भिंतींना पाठ लावून उभं राहिलं. एकेक जण हार घालायला वाकून पुढे व्हायचा, झटकन मागे यायचा. एवढा गोतावळ्याचा माणूस, आणि त्याच्याजवळ फक्त वहिनी बसलेल्या. मला रडू आवरेना.

तेराव्याला वहिनी मुलाला म्हणाल्या, "आता तरी काढ."

"आये, बाबांची तीच आठवण हाय. राहू दे."

सुनेला आणि नातवाला घेऊन वहिनी किहीमला भावाकडे गेल्या, त्या अजून आलेल्या नाहीत. मुलगा संध्याकाळी बापाच्या जागी बसतो. मी त्याची चौकशी करते, पण दारातूनच.